न्यूयॉर्कमध्ये उत्पन्नमर्यादा असलेल्या भाड्याच्या घराच्या सोडतीसाठी अर्ज कसा करायचा?

अर्ज शहराच्या 'हाउसिंग कनेक्ट' या संकेतस्थळावर, फुकट. अर्जासाठी कोणी फी किंवा दलाली मागितली तर सरळ फसवणूक समजा. अर्जांचा क्रमांक मुदत संपल्यावर सोडतीने पडतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी अर्ज टाकून काही फायदा नाही.

गोची होते ती उत्पन्नाच्या आकड्यात. नोकरदारांनी हातात पडणारा नाही, कर कापण्याआधीचा पगार लिहायचा, ओव्हरटाइम-बोनससकट. स्वतःचा धंदा असेल तर खर्च वजा जाता उरलेली रक्कम. घरातल्या सगळ्या प्रौढांची कमाई जोडा आणि जाहिरातीतल्या तक्त्यात तुमच्या घरातल्या माणसांच्या संख्येची ओळ बघा. तिथे कमाल तशी किमान मर्यादाही असते. भाडे झेपणार नाही असे दिसले तर कमी कमाईवालेही बाद होतात. (सेक्शन ८ व्हाउचर, म्हणजे भाड्याचा काही भाग भरणारी सरकारी मदत, असेल तर किमान अट सहसा आड येत नाही.)

एका सोडतीला घरटी एकच अर्ज. नवऱ्याने एक आणि बायकोने दुसरा टाकला तर दोन्ही बाद होऊ शकतात.

क्रमांक लागला तर कागदपत्रे तपासायला बोलावणे यायला बरेच महिने लागतात, पण आल्यावर मुदत थोडीच मिळते. लागोपाठच्या पगाराच्या पावत्या, कर विवरणपत्र, बँक स्टेटमेंट, सध्याचा भाडेकरार आधीच एकत्र ठेवा. आणि ईमेलचे स्पॅम फोल्डरही अधूनमधून उघडत चला.