वाचकांचे प्रश्न : लढाईआधीचे तक्ते

प्रश्न : सर, आमच्या आयटी कंपनीत टोगॅफचं, म्हणजे मोठ्या संस्थेच्या यंत्रणांचे आराखडे मांडायच्या एका ठरीव चौकटीचं, प्रशिक्षण झालं. शिकवणारे म्हणाले, याचं मूळ अमेरिकी संरक्षण खात्यात आहे आणि त्यांची स्वतःची डोडॅफ नावाची चौकट वेगळी आहे. पण चौकोन-बाण काढून लढाईत काय फरक पडणार? – एक वाचक, पुणे

उत्तर : शिकवणारे बरोबर सांगत होते. टोगॅफची पहिली आवृत्ती 1995 ची. तिचा पाया म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचं टॅफिम, माहिती-यंत्रणांसाठीची त्यांची जुनी चौकट.

फरक कुठे पडतो, ते ग्रेनाडात दिसलं. ऑक्टोबर 1983 मध्ये अमेरिकी फौजा त्या बेटावर उतरल्या, तेव्हा भूदल आणि नौदलाच्या रेडिओंचा मेळ बसेना. प्रत्येक दलाने आपापल्या गरजेपुरती खरेदी केलेली. दोघांच्या मधलं कुणीच पाहिलं नव्हतं. (एका सैनिकाने साध्या टेलिफोनवरून अमेरिकेत फोन लावून मदत मागवली, हा किस्सा तुम्ही ऐकाल. त्याच्या खरेपणावर वाद आहेत, म्हणून मी तो सांगत फिरत नाही.) दलांमधली अशी फट खरेदीआधी कागदावर पकडता यावी, म्हणून 1996 मध्ये सी-फोर-आय-एस-आरची (हुकूम, नियंत्रण, संपर्क, संगणक, गुप्तवार्ता, टेहळणी आणि शोध यांची) चौकट आली आणि 2003 मध्ये तिचं डोडॅफ झालं.

त्यातले ओव्ही म्हणजे मोहीम कशी चालणार हे दाखवणारे नमुने. ओव्ही-1 हे चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल : वर उपग्रह, खाली जहाज, मध्ये विजेच्या वेड्यावाकड्या रेघा. बैठकीत साहेब लोक खूश होतात. माझा जीव मात्र ओव्ही-3 या रुक्ष तक्त्यात आहे. त्याची एक ओळ समजा अशी : किनाऱ्यावरचा निरीक्षक देणार, युद्धनौकेचा तोफा-कक्ष घेणार; मजकूर म्हणजे लक्ष्याचं ठिकाण; किती सेकंदांत पोचला पाहिजे; गुप्तता किती. आता याच ओळीसमोर कोणती यंत्रणा कोणत्या यंत्रणेला काय पाठवते याचा तक्ता, एसव्ही-6, ठेवा. निरीक्षकाकडचा रेडिओ-संच आणि जहाजावरचा संच यांची कूटप्रणाली वेगळी निघाली, की ती ओळ तिथेच अडते. गोळी सुटण्याच्या कितीतरी आधी.

अर्थात हे तक्ते कुणी विचारलं म्हणून भरले, तर नुसती रद्दी. 2003 नंतर बरेच प्रकल्प तसेच चालले, असं माझं मत. डोडॅफच्या 2009 च्या दुसऱ्या आवृत्तीत आठ दृष्टिकोन आणि पन्नासेक नमुने (म्हणजे असे तक्ते आणि चित्रं) आहेत, पण सगळे काढायची सक्ती नाही. ज्या निर्णयासाठी जे लागेल तेवढंच काढा, असं ती स्पष्ट म्हणते. ब्रिटनने 2005 मध्ये मोडॅफ ही अशीच चौकट काढली, नाटोचं नॅफ वेगळं. पण एक नीट कळलं, की बाकीची परकी वाटत नाहीत.

वाचायचंच असेल तर दुसऱ्या आवृत्तीचा खंड 2 घ्या. पहिला खंड व्यवस्थापकांसाठी आहे, आणि तिसऱ्यात विदा-देवाणघेवाणीचे बारकावे आहेत. तो तूर्त राहू द्या.