पिंजरे वाढवले आणि मासे खाईनासे झाले: माझीही हीच गत झाली होती

पाण्यात जाळीच्या पिंजऱ्यांत मासे वाढवण्याबद्दलची तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. पिंजरे वाढवले, पहिल्या वर्षी उत्पादन वाढलं, दुसऱ्या वर्षी मासे खाद्य खाईनासे झाले आणि पहाटे मरतूक. बँक म्हणते अजून पिंजरे टाका, पर्यावरणवाले म्हणतात कमी करा. जाळी, बीज (माशांची पिल्लं), परवाने यांवर लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

पिंजऱ्याखालचा गाळ वर काढून पाहिलात का? काळा असेल, सडक्या अंड्यांचा वास येत असेल आणि वर पांढुरकी साय असेल (बेगियाटोआ नावाचे जिवाणू), तर तळाशी प्राणवायू संपत आलाय. उरलेलं खाद्य आणि विष्ठा प्रवाहाला झेपेनाशी झाली आहे.

माझी घोडचूक इथेच झाली. काढणीनंतर जागा काही महिने पडीक ठेवायचं, म्हणजे तळ सावरेपर्यंत मासे सोडायचे नाहीत, असं ठरलं होतं. पण परवाने देणाऱ्या एका कार्यालयातून (कुठल्या ते सोडा) तोंडी निरोप आला: पिंजरे रिकामे दिसले तर 'वापर नाही' म्हणून क्षेत्र कापू. लेखी द्या म्हटलं, तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी घाबरून नवव्या दिवशी बीज सोडलं, तेही नेहमीपेक्षा दाट. त्या हंगामात खाद्याची पोती रिकामी होत होती, पण मासा वजन धरत नव्हता. आधी किलोभर वाढीला दीड किलो खाद्य पुरायचं, ते अडीचवर गेलं. वाढीव पिंजऱ्यांची सगळी कमाई खाद्यातच गेली. वर त्याच कार्यालयाने वर्षअखेरीस 'उत्पादन घटल्याचे कारण' असा तक्ता भरायला पाठवला! कारण लिहायला त्यात एकच ओळ होती.

म्हणून 'पर्यावरण की उत्पादकता' हा वाद मला पटत नाही. नॉर्वेत 1987च्या सुमारास सामन (सॅल्मन) माशांना वर्षाला जवळपास 50 टन प्रतिजैविकं दिली जात. लशी आल्या, पिंजऱ्यांच्या जागा शिस्तीने ठरू लागल्या, आणि आज उत्पादन 10 लाख टनांपलीकडे असूनही हा वापर 1 टनाच्या खाली आहे. (माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या समुद्री उवांनी मात्र त्यांना अजूनही छळलंय, तेव्हा फार हुरळू नका.) उलट चिलीत फार्म खेटून खेटून वाढले, 2007मध्ये सामनमध्ये आयएसए (सामनला रक्तक्षय करणाऱ्या) विषाणूची साथ आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथलं उत्पादन कोसळलं.

मी शास्त्रज्ञ नाही, तुमच्याकडचा प्रवाह आणि खोली वेगळी असेल. तरी माझं मत ठाम आहे: यंदा दाटी कमी करा आणि शेजारच्या फार्मवाल्यांशी बोलून एकाच वेळी जागा पडीक ठेवा. तुम्ही एकट्याने विश्रांती दिलीत आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूचा फार्मवाला खाद्य ओततच राहिला, तर फारसा उपयोग नाही. प्राणवायू पहाटे मोजा, तळाजवळही. दुपारचा आकडा शेवाळामुळे फुगलेला असतो, मी वर्षभर त्याच्यावरच खूश होतो.

जाता जाता, शेजारी शिंपल्यांचे दोर लावले की तळ साफ होतो असं सांगणारे विक्रेते भेटतील. शिंपले पाण्यात तरंगणारे बारीक कण गाळतात, खाली साचलेल्या ढिगाला हात लावत नाहीत.

बँकेला पिंजऱ्यांची संख्या दाखवू नका, किलोमागे किती खाद्य गेलं ते दाखवा. आणि जागा रिकामी ठेवण्याची परवानगी लेखीच घ्या, अर्जाच्या पोचपावतीसकट. माझ्याकडे तीही नव्हती.