प्वारोच्या कादंबऱ्या क्रमानेच वाचाव्या लागतात का?

प्रश्न असा आहे: 'अगाथा ख्रिस्तीने हर्क्यूल प्वारो या गुप्तहेराच्या ३३ कादंबऱ्या लिहिल्या. त्या क्रमानेच वाचाव्या लागतात, की हाताला येईल ती उचलली तरी चालते? वेळ कमी आहे, पाच-सहाच वाचणार. आणि आधी प्वारो की ख्रिस्तीचीच दुसरी गुप्तहेर मिस मार्पल?'

याला बहुतेक जण ठोकून एकच उत्तर देतात: 'कुठूनही सुरू करा हो, प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे.' हे उत्तर साफ चूक आहे. देणाऱ्याने एकतर 'डम्ब विटनेस' वाचलेली नसते, किंवा इतक्या उशिरा वाचलेली असते की तिने काय नासवलं ते त्याच्या लक्षातही आलेलं नसतं. हा वाद मी बरीच वर्षं घालतो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

'डम्ब विटनेस' १९३७ची. सुरुवात झकास आहे. मार्केट बेसिंग नावाच्या गावातल्या एमिली अरंडेल या म्हाताऱ्या, पैसेवाल्या, अविवाहित बाईंचं पत्र प्वारोला २८ जूनला मिळतं. पत्रावर तारीख १७ एप्रिल. अडीच महिने पत्र होतं कुठे? प्वारो आणि त्याचा मित्र हेस्टिंग्ज गावी जाऊन पोहोचतात तर बाई मे महिन्यातच वारलेल्या. त्याआधी एका रात्री त्या जिन्यावरून गडगडल्या होत्या, आणि घरातल्या बॉब नावाच्या कुत्र्याचा चेंडू पायाखाली आला असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. ख्रिस्तीने हे पुस्तक स्वतःच्या पीटर नावाच्या कुत्र्याला अर्पण केलंय. नवा वाचक अशा पुस्तकाला हात घालणारच. कुत्रा आहे, हेस्टिंग्ज आहे, मृत्युपत्र आहे, सुरुवात करायला आणखी काय पाहिजे?

आणि मग येतं अठरावं प्रकरण. खुनी माणसं वागायला किती गोड असू शकतात हे हेस्टिंग्जला पटवून देताना प्वारो आपल्या जुन्या प्रकरणांतल्या चार खुन्यांची नावं एका दमात घेतो. पुस्तकाचं नाव नाही, संदर्भ नाही, नुसती माणसांची नावं. ती चार पुस्तकं म्हणजे 'द मिस्टिरियस अफेअर ॲट स्टाइल्स' (१९२०), 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६), 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' (१९२८) आणि 'डेथ इन द क्लाउड्स' (१९३५). यातल्या 'ॲक्रॉइड'वर रहस्यकथा वाचणारे अजून हमरीतुमरीवर येतात, आणि तिचा निकाल इथे अर्ध्या ओळीत लागतो.

'पण त्या वेळी ती नावं कुणाची हे नव्या वाचकाला कुठे कळतं?' हा नेहमीचा बचाव. त्या वेळी नाही कळत, मान्य. पण सहा महिन्यांनी तो 'ब्लू ट्रेन' उघडतो, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात ते नाव समोर येतं, आणि हे कुठेतरी वाचलंय असं डोक्यात टोचायला लागतं. रहस्यकथेत एवढं पुरतं. संशय सगळ्यांवर सारखा राहिला नाही की उरलेली दोनशे पानं फुकट जातात. आठवण पुसट असली तर आणखी वाईट, कारण मग आपण हुशारीने ओळखलं असंही वाटतं.

ख्रिस्तीला दोष देत नाही. १९३७च्या वाचकाने ही पुस्तकं निघतील तशी घेतलेली होती, त्याच्यासाठी ती जुन्या ओळखीची माणसं. आपल्याला मात्र सगळी ३३ एकाच फळीवर, पाठीला पाठ लावून मिळतात, तिथेच घोळ होतो.

दुसरी खोड 'कार्ड्स ऑन द टेबल'ची, १९३६. पत्त्यांच्या डावाचं फार सुंदर पुस्तक, चारच संशयित. त्यात प्वारो एका मुलीला सहज बोलल्यासारखं एका सुऱ्याबद्दल सांगतो, आणि त्या एका वाक्यात 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'चं (१९३४) अख्खं गुपित आहे. नुसतं सूचक नव्हे, अख्खं. १९३८च्या 'अपॉइंटमेंट विथ डेथ'मध्येही एक पात्र त्या गाडीतल्या प्रकरणाचा हवाला देतं. तिथे सगळं फुटत नाही, पण शहाण्याला पुरेसं आहे. 'ओरिएंट एक्सप्रेसचा शेवट कुणाला माहीत नाही, १९७४चा सिनेमा आहे, २०१७चा आहे' असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो: तुम्हाला माहीत आहे म्हणून समोरच्याचा घास काढू नका.

म्हणजे क्रम पाळायचा तर एवढाच: 'ओरिएंट एक्सप्रेस' झाल्याशिवाय 'कार्ड्स' आणि 'अपॉइंटमेंट' नको, वरच्या चार झाल्याशिवाय 'डम्ब विटनेस' नको, आणि प्वारोची शेवटची गोष्ट असलेली 'कर्टन' सगळ्यात शेवटी. 'डम्ब विटनेस' आधीच हातात असेल आणि धीर निघत नसेल तर अठराव्या प्रकरणात जुन्या खुन्यांचा विषय निघाला की तो परिच्छेद तळहाताने झाकून पुढे जा. कथेतला एकही धागा त्याने सुटत नाही.

आणखी एक गोष्ट पाळलेली बरी. 'मर्डर ऑन द लिंक्स' (१९२३) ही 'द बिग फोर'च्या (१९२७) आधी वाचा, कारण हेस्टिंग्ज अर्जेंटिनात का गेला ते पहिलीत आहे आणि दुसरीची सुरुवात तो तिथून परत येण्याने होते. तसं 'बिग फोर' मुळीच वाचली नाही तरी बिघडत नाही. १९२४ साली साप्ताहिकात आलेल्या बारा गोष्टी नंतर एकत्र शिवलेल्या आहेत आणि शिवण दिसते.

काही जण आणखी पुढे जाऊन कथेतल्या काळाप्रमाणे याद्या करतात. त्या नादाला लागू नका. 'मर्डर इन मेसोपोटेमिया' १९३६ची, पण तिच्या शेवटी निवेदन करणारी नर्स सांगते की यानंतर प्वारो ओरिएंट एक्सप्रेसने निघाला आणि दुसऱ्या खुनात सापडला. म्हणजे दोन वर्षं उशिरा आलेलं पुस्तक आधी घडलेलं. बरं, प्वारोचं वय धरून हिशेब करावा तर पहिल्याच कादंबरीत तो बेल्जियमच्या पोलिसांतून निवृत्त झालेला आहे. पुढे तो शंभरी ओलांडतो, आणि त्याला सुरुवातीलाच इतकं म्हातारं करायला नको होतं, हे ख्रिस्तीने आत्मचरित्रात कबूल केलंय.

आता खिशाचा प्रश्न. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेणार असाल तर एकच कादंबरी दोनदा विकत घेण्याचा धोका मोठा आहे, कारण अमेरिकेत नावं बदलली. 'लॉर्ड एजवेअर डाइज' म्हणजेच 'थर्टीन ॲट डिनर'. 'डेथ इन द क्लाउड्स' म्हणजे 'डेथ इन द एअर'. 'फाइव्ह लिटल पिग्ज' म्हणजे 'मर्डर इन रेट्रॉस्पेक्ट'. 'आफ्टर द फ्यूनरल' म्हणजे 'फ्यूनरल्स आर फेटल'. 'डम्ब विटनेस' तर 'प्वारो लूजेस अ क्लायंट' या नावाने फिरते, त्यामुळे मी वर दिलेला इशारा त्या नावालाही लागू. 'वन, टू, बकल माय शू'ला अमेरिकेत एक नव्हे, दोन नावं. मुखपृष्ठावर जाऊ नका, प्रताधिकाराच्या पानावर मूळ नाव आणि साल छापलेलं असतं ते बघा. मराठी अनुवाद घेतानाही तेच. मधुकर तोरडमलांनी ख्रिस्ती बरीच मराठीत आणली, पण मराठी नावावरून मूळ पुस्तक ओळखता येईलच असं नाही. 'थ्री ॲक्ट ट्रॅजेडी'ची गंमत वेगळी: इंग्लंडच्या आणि अमेरिकेच्या आवृत्तीत खुनाचा हेतूच वेगळा आहे. दोन मित्र भांडत बसतात आणि दोघांचंही बरोबर असतं.

कथासंग्रहांत फसवं नाव एकच, 'प्वारोज अर्ली केसेस'. आला १९७४ला, पण आतल्या बऱ्याच गोष्टी १९२३च्या आसपासच्या, आणि त्यातल्या काही तिने नंतर फुगवून मोठ्या केल्या. 'द प्लिमथ एक्सप्रेस'ची पुढे 'ब्लू ट्रेन' झाली, 'द मार्केट बेसिंग मिस्टरी'ची 'मर्डर इन द म्यूज'. छोटी आधी वाचली की मोठीचा गाभा हातात आलाच. 'अर्ली' नाव बघून सुरुवातीला घेऊ नका.

तुमच्या पाच-सहांचं म्हणाल तर 'स्टाइल्स', 'ॲक्रॉइड', 'ओरिएंट एक्सप्रेस', 'द एबीसी मर्डर्स' (१९३६), 'डेथ ऑन द नाइल' (१९३७), 'फाइव्ह लिटल पिग्ज' (१९४२). याच क्रमाने. 'ॲक्रॉइड' सगळ्यात आधी वाचा म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका. निदान एक साधी कादंबरी पचल्याशिवाय ती वाचू नये. का, ते सांगणार नाही.

'ओरिएंट एक्सप्रेस' कशी वाचायची तेही सांगतो, कारण लोक ती नुसती धावत वाचतात. गाडी विन्कोव्त्सी आणि ब्रोद यांच्या मध्ये बर्फात अडकते. पुस्तकाचे तीन भाग आहेत: घटना, जबान्या, आणि प्वारोचं मागे टेकून विचार करणं. पहिल्या भागात मेलेल्या माणसाच्या डब्यात सापडलेल्या वस्तू नीट उतरवून घ्या: 'एच' अक्षर विणलेला रुमाल, पाइप साफ करायची काडी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जळक्या काड्या, जळालेला कागद, आणि सव्वा वाजता बंद पडलेलं चेपलेलं घड्याळ. प्रत्येकीसमोर दोन रकाने करा: ही वस्तू चुकून पडली असेल तर काय, आणि कुणी मुद्दाम ठेवली असेल तर काय. दुसऱ्या भागात प्रत्येक जबानी झाली की डब्यांच्या नकाशावर त्या माणसाची जागा आणि वेळ टिपा. हा नकाशा पुस्तकातच छापलेला असतो. तिसऱ्या भागात प्वारो दहा प्रश्नांची यादी काढतो. तिथे पुस्तक मिटायचं. दहाही उत्तरं कागदावर लिहायची, मगच पुढे जायचं. नुसतं नाव ओळखणं याला मी ओळखणं म्हणत नाही. कसं आणि का हे लिहिता आलं नाही तर तो मटका आहे.

'फाइव्ह लिटल पिग्ज'ला वही आणखी उपयोगी पडते. खून सोळा वर्षांपूर्वीचा, शिक्षा झालेली बाई तुरुंगातच वारलेली, तपासायला जागा नाही, प्रेत नाही. पाच माणसं तोच दिवस आपापल्या हाताने लिहून देतात. एकच वाक्य किंवा एकच हालचाल पाचांतल्या कुणाकुणाच्या लिहिण्यात येते आणि प्रत्येक जण तिचा काय अर्थ लावतो, एवढंच शेजारी शेजारी लिहित जा. माझ्या मते मालिकेतली सर्वांत उत्तम हीच, 'ॲक्रॉइड' नव्हे. इथे वाद घालायचा असेल त्याने वही घेऊन यावं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. टीव्हीवर डेव्हिड सुशेची प्वारो मालिका (१९८९ ते २०१३, ७० भाग) बघून आलात तर पुस्तकात हेस्टिंग्ज शोधत बसाल. तो फक्त आठ कादंबऱ्यांत निवेदन करतो. बाकी काही ठिकाणी टीव्हीवाल्यांनी त्याला आणून बसवलाय. जुन्या आवृत्त्यांत ज्यूंबद्दल आणि परकीयांबद्दल आज खटकेल अशी भाषा आहे, ती येणार हे धरून चला. १९६६च्या 'थर्ड गर्ल'पासून पुढची पुस्तकं सैल होत गेली आहेत, पाच-सहाच वाचणाऱ्याने तिकडे फिरकू नये. आणि उच्चार प्वारोच, पण दुकानात 'पॉइरॉट' म्हटलं तर लवकर काढून देतात.

'कर्टन' तिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवली होती, छापली १९७५ला. प्वारो गेल्याची बातमी त्या वर्षी ६ ऑगस्टला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आली. जुन्या बाजारात ती मिळाली तर घेऊन ठेवा, वाचू मात्र नका. आणि जुनी प्रत कुठलीही घ्या, पैसे देण्याआधी शेवटची दहा पानं जागेवर आहेत का ते बघा. न वाचता, नुसते पानांचे आकडे मोजून. जुन्या पेपरबॅकचा डिंक सुटला की शेवटचा गठ्ठाच आधी गळतो. पात्रांची यादी असेल तर तेही पान तपासा. आधीच्या मालकाने खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली असू शकते.

मार्पलचं राहिलं. तिच्या कादंबऱ्या बाराच आहेत, नंतर बघू.