बर्फातली माणसं ॲक्रिलिकमध्ये

प्रश्न : ताई, फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगेलचं ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र मी 18 बाय 24 इंची कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये उतरवतोय. आकाशात पट्टे पडतात आणि तळ्यावरची माणसं आगकाड्यांसारखी दिसतात. काय चुकतंय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हे चित्र निवडलंत, फार बरं वाटलं. 1565 सालचं मूळ चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. लाकडी फळीवर तैलरंगात, 117 बाय 162 सेंटिमीटर. या हिशोबाने तुमच्या 24 इंच रुंदीला उंची 17.3 इंचच येते. उरलेली पट्टी टेपने झाका, चित्र ताणू नका.

तैलरंग दिवसभर ओला राहतो, ॲक्रिलिक काही मिनिटांत धरतो. तेवढ्यात तुम्ही नवी छटा कालवायला जाता, तिथे पट्टा पडतो. ब्रॉयगेलने आकाश आणि गोठलेली तळी एकाच हिरवट राखाडीत ठेवली आहेत. सगळा गारठा त्यातच आहे. म्हणून ती राखाडी एकदाच, भरपूर कालवा : टायटॅनियम व्हाइट, पेन्स ग्रे, थेंबभर व्हिरिडियन (हिरवा), किंचित रॉ अंबर (तपकिरी). घट्ट झाकणाच्या डबीत भरून ठेवा. आधी कागदावर लावून वाळू द्या, कारण ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. मग पंखा बंद करून आकाश आणि तळी एकाच बैठकीत उरका.

आता फिगर्स. तुम्ही डोकं, हात, पाय सुटे सुटे काढत असणार. माझ्या पहिल्या प्रतीत मीही तेच केलं, आणि डावीकडचे तिन्ही शिकारी तीनदा पांढऱ्याने झाकावे लागले. मग भिंग घेऊन बसले. आपल्याकडे पाठ करून निघालेले ते तिघे म्हणजे बर्फावरचे सलग गडद आकार आहेत. वाकलेली पाठ, रुतणारे पाय, एकाच्या भाल्याला लटकलेला एकुलता एक कोल्हा. पाय काढूच नका. दोन पायांमधला बर्फाचा तुकडा बघा आणि तो नेमका काढा. तो जमला की शिकारी चालायला लागतो. तळ्यावरच्यांना शून्य नंबरच्या ब्रशचे दोन-तीन ठिपके पुरतात, पण धड कललेलं हवं. बर्फावर घसरणारा माणूस ताठ उभा नसतो.

छपरांवरच्या बर्फात जरासा यलो ऑकर घाला, निव्वळ पांढरा खडूसारखा दिसतो.

उजवीकडे पुलावरून मोळी घेऊन चाललेली एक बाई आहे, नखाएवढी. तिला सगळ्यात शेवटी काढा, आणि काढलीत की मला फोटो नक्की पाठवा.