तुमचे प्रश्न: ग्रुपबरोबर आठवडाभर बोटीवर डायव्हिंगला जाताना

लिव्हअबोर्ड म्हणजे झोपणं-जेवणं सगळं बोटीवरच आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उडी. त्याबद्दल यावेळी बरेच प्रश्न आलेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा देतेय, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न: ताई, माझा ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स झालाय, त्यानंतर थोडेच डायव्ह केलेत. आता एका ग्रुपबरोबर मालदीवला लिव्हअबोर्डवर जायचं ठरतंय, बाकी सगळे जुने डायव्हर आहेत. माझी हवा सगळ्यांच्या आधी संपते. माझ्यामुळे सगळ्यांना वर यावं लागलं तर? नवरा म्हणतो मधून मधून श्वास रोखून धर, हवा वाचेल. जाऊ की नको?

जा. पण श्वास रोखायचं आधी डोक्यातून काढून टाका. स्कूबाचा पहिला नियमच तो आहे, श्वास कधीही रोखायचा नाही, कारण खाली आपण जी हवा घेतो ती आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाची असते आणि श्वास धरून थोडंसं जरी वर आलात तरी ती छातीत फुगते, फुफ्फुस फाटू शकतं, आणि त्यासाठी फार खोल असायचीही गरज नसते. शिवाय असा श्वास चोरून हवा वाचतच नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं दुखायला लागतं आणि मग धाप लागून उलट जास्तच हवा जाते.

आता हिशोब बघा. 10 मीटरवर दाब वरच्या दुप्पट, 20 वर तिप्पट, 30 वर चौपट. समजा वर असताना तुम्हाला मिनिटाला 20 लिटर हवा लागते, नवीन आणि जरा घाबरलेल्या माणसाला एवढी सहज लागते, तर 20 मीटरवर 60 लिटर लागणार. 12 लिटरचा टँक 200 बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेला म्हणजे 2400 लिटर, त्यातले शेवटचे 50 बार राखून वर यायचं, उरले 1800. झाली की तीस मिनिटं! तोच डायव्ह 10 मीटरवर केलात तर पंचेचाळीस. म्हणजे हवा लवकर संपण्यात तुमचा जेवढा दोष वाटतोय तेवढा नाहीये, बराचसा खोलीचा आहे. म्हणून गाईडला सांगून ग्रुपच्या दोन-तीन मीटर वरून पोहा, बडी, म्हणजे पाण्यातला आपला जोडीदार, नजरेसमोर ठेवून. काही चुकत नाही, उलट उजेड वरच जास्त असतो, खाली जाल तसा लाल रंग आधी गायब होतो आणि प्रवाळाचे खरे रंग वरच्या पट्ट्यातच दिसतात. बोटीवर 15 लिटरचा टँक मिळतो का तेही बुकिंगच्या वेळीच विचारा, त्याच 20 मीटरवर सात-आठ मिनिटं जास्त मिळतात.

दुसरं कारण बहुतेक वेळा कमरेच्या पट्ट्यात असतं, म्हणजे खाली जाता यावं म्हणून बांधतात ते वजन गरजेपेक्षा जास्त असतं. वजन जास्त झालं की बुडू नये म्हणून बीसीडीत, म्हणजे अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये, हवा भरत बसावी लागते, शरीर तिरकं होतं, पाय खाली लोंबतात आणि पुढे जायला सारखं पाय मारावं लागतं. पहिला डायव्ह बहुतेक बोटींवर सोप्या जागी चेक डायव्ह म्हणून ठेवतात, तो फुकट घालवू नका. शेवटी टँकमध्ये 50 बार उरलेत, तुम्ही 5 मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर यायच्या आधी थोडं थांबतात तिथे आहात, तेव्हा बीसीडी पूर्ण रिकामं करून बघा. शांत श्वास घेत, आहात तिथेच तरंगत राहिलात, श्वास घेतला की जरासं वर, सोडला की जरासं खाली, तर वजन बरोबर. दगडासारखे खाली चाललात तर एक किलो काढा आणि पुढच्या डायव्हला परत बघा. रिकामा होताना टँक हलका होतो म्हणून हे शेवटीच बघायचं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. तुम्हाला भीती समुद्राची नाहीये, ग्रुपची आहे. माझ्या मते लिव्हअबोर्डवर सगळ्यात धोक्याची गोष्ट शार्क नाही आणि खोलीही नाही, संकोच आहे. हवा कमी झालीय पण सांगायला लाज वाटते, कान दुखतोय पण सगळे उतरलेत म्हणून आपणही उतरतो, असं होतं. तर पहिल्याच संध्याकाळी, सगळे एकत्र बसलेले असताना गाईडसमोर बोलून घ्या की माझी हवा लवकर संपते, 100 बारला मी खूण करणार आणि ठरलेल्या आकड्याला मी आणि माझा बडी वर जाणार, बाकीच्यांनी पुढे जायचं. ती बडीची जोडी आधीच ठरवा, आळीपाळीने ठरवली तर कुणा एकावर येत नाही. कुठल्याही डायव्हरने कुठल्याही क्षणी अंगठा वर केला, म्हणजे 'वर चला' अशी खूण केली, की तो डायव्ह तिथे संपला, का म्हणून विचारायचं नाही, हा नियम डायव्हिंगमध्ये जुना आहे आणि चांगले जुने डायव्हर तो मनापासून पाळतात. जे तोंड वाकडं करतात त्यांच्याबरोबर आठवडा काढायचा का याचा विचार जाण्याआधीच करा.

मालदीवबद्दल एक. तिथे दोन बेटांच्या रांगांमधल्या खाडीला कंडू म्हणतात, शार्क बघायला सगळे तिथेच जातात आणि पाण्याला ओढ जबरदस्त असते. तुमचं ओपन वॉटरचं कार्ड 18 मीटरपर्यंतचं, तिथल्या नियमाने मनोरंजनासाठीच्या डायव्हची मर्यादा 30 मीटर, आणि ग्रुप त्या 30 च्या जवळ जाऊन बसणार. त्या डायव्हला सरळ नाही म्हणा. किंवा जाण्याआधी अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करून घ्या, वेळ असेल तर हेच जास्त बरं.

प्रश्न: बोट आपल्याला समुद्रात विसरून निघून गेली असं खरंच होतं का?

झालंय. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक जोडपं पाण्यातच राहिलं आणि बोट परत गेली, दोन दिवसांनी त्यांच्या बॅगा बोटीवर सापडल्या तेव्हा कुठे लक्षात आलं. ते दोघं कधीच सापडले नाहीत. त्यानंतर तिथले मोजणीचे नियम कडक झाले. म्हणून बोटीवर गेल्या गेल्या विचारा की हजेरी कशी घेता, नुसती डोकी मोजता की एकेकाचं नाव घेऊन त्याच्याकडून 'हो' ऐकता. नाव घेऊनच हवी. आणि तुमच्याजवळ तुमचा स्वतःचा फुगवायचा सिग्नल ट्यूब, शिट्टी आणि छोटा टॉर्च पाहिजेच, गाईडकडे आहे म्हणून चालत नाही, कारण हरवलात तर गाईडपासूनच हरवलेले असणार. वर आलात आणि बोट लांब दिसली तर ओढीच्या उलट पोहून दमू नका, बीसीडी फुगवा, बडीला धरून ठेवा, ट्यूब उभी करा.

तुम्ही विचारलं नाही तरी आगीबद्दल सांगते, कारण मला त्याची जास्त काळजी वाटते. 2 सप्टेंबर 2019 ला कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाच्या डायव्ह बोटीला रात्री आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेले 34 जण गेले. खालून वर यायच्या दोन्ही वाटा एकाच खोलीत उघडत होत्या आणि आग तिथेच होती, रात्री पहाऱ्यावर कुणी जागं नव्हतं. तर तुमच्या केबिनमधून बाहेर पडायची दुसरी वाट कुठे निघते ते स्वतः चालून बघा, रात्री कोण जागं असतं ते विचारा, आणि कॅमेरे-टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये रात्रभर चार्जिंगला लावू नका, ग्रुपमधल्या कुणालाही लावू देऊ नका.

प्रश्न: तिसऱ्या दिवशी सर्दी झाली तर गोळी घेऊन उतरलं तर चालतं का?

नका उतरू. गोळीचा असर खालीच संपला तर वर येताना हवा कानात किंवा सायनसमध्ये अडकते, दुखतं पण भयंकर, आणि हवा संपत आली की खाली थांबताही येत नाही. एक दिवस डेकवर काढा. बोट लागते त्याची गोळी वेगळी, ती उलटी व्हायच्या आधी घ्यायची असते, पण झोप येते का ते घरी एकदा घेऊन बघा आणि डॉक्टरांना डायव्हिंगला जातोय हे सांगूनच घ्या.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये एकजण फोटोसाठी प्रवाळाला धरतो, गुडघे टेकतो. चांगला मित्र आहे, त्याला कसं सांगू?

सांगाच, आणि पाण्यात नाही, बोटीवर, एकटा असताना. प्रवाळ दगड नाही, बारीक बारीक जिवांची वसाहत आहे, गोल दगडासारखे दिसणारे प्रकार वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतात. त्याच्या एका गुडघ्याखाली किती वर्षं जातात ते त्याला दाखवा. पाणी तापून प्रवाळाचा रंग उडण्याचा जगभराचा चौथा प्रकोप 2024 मध्ये जाहीर झालाय, आधीच अर्धमेलं झालेलं आपण तरी मोडायला नको ना. नाहीच ऐकलं तर गाईडला सांगा, ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसाठी म्हणून बोलता येतं. मालदीवच्या हनिफारू बेमध्ये मांटा (मोठे सपाट मासे) बघायला स्कूबाच बंद केलंय, फक्त स्नॉर्केल लावून जाता येतं. आपण असेच वागत राहिलो तर अशा जागा वाढणार.

प्रश्न: शेवटच्या दिवशी सकाळी डायव्ह आणि संध्याकाळी विमान, चालेल?

नाही चालणार. बरेच दिवस सलग डायव्ह केले असतील तर शेवटच्या डायव्हनंतर कमीत कमी 18 तास विमान नको असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हरांच्या सुरक्षेची संस्था सांगते, आणि बऱ्याच बोटी 24 तास धरतात, मीही 24 च धरायला सांगते. अंगातला नायट्रोजन पूर्ण निघालेला नसतो आणि विमानात दाब कमी होतो, मग त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. सांधा दुखणं, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, कारण नसताना खूप थकवा असं काही वाटलं तर लगेच गाईडला सांगा, बोटीवरचा ऑक्सिजन लावून घ्या आणि विमानात चढू नका, तिकीट गेलं तरी.