म्युटेशन (जीनमधला बिघाड) वडिलांकडून आलंय, पण वडील तर ठणठणीत! मग रिपोर्ट चुकलाय का?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि त्याच्या आड बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो, की खोट कुणाच्या घराण्यात आहे. मागे एक कुटुंब आलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), मुलगी कॉलेजात, प्लेटलेट्स सारख्या खाली जायच्या, त्यात महिनोन्महिने जुलाब, स्प्लीन (प्लीहा) वाढलेली, प्रत्येक त्रासाची वेगळी फाइल आणि वेगळा डॉक्टर. शेवटी जीन टेस्टमध्ये सीटीएलए४ या जीनमधलं म्युटेशन सापडलं आणि वडिलांचं रक्त तपासलं तर तेच त्यांच्यातही. आजीचं म्हणणं एकच, आमच्याकडे असलं काही नाही.

रिपोर्ट बरोबर होता. आपल्या टी पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, चेतायला समोरच्या पेशीवरची सीडी८० आणि सीडी८६ ही प्रोटीन्स लागतात, सीटीएलए४ जीनपासून बनणारं प्रोटीन ती धरून चक्क ओढून घेतं, म्हणजे हा ब्रेकच. जीनच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की हे प्रोटीन कमी पडतं, ब्रेक नीट लागत नाही आणि शरीर स्वतःच्याच रक्तपेशींवर, आतड्यांवर उठतं, शिवाय अँटिबॉडीज कमी झाल्या की इन्फेक्शनंही मागे लागतात. २०१४ मध्ये हा आजार पहिल्यांदा नीट मांडला गेला. आणि म्युटेशन असलेल्या प्रत्येकाला तो होतोच असं नाही, काही जण वडिलांसारखे ठीक राहतात, पण त्यांनीही ब्लड काउंट, इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे अँटिबॉडीज) अधूनमधून तपासत राहायचं, ते टाळू नका.

आईला मी एवढंच म्हटलं, ताई, हे कुणी ठरवून दिलेलं नाही, प्रत्येक मुलाला शक्यता ५० टक्के, मुलगा असो वा मुलगी, तुमच्या खाण्यापिण्याचा किंवा बाळंतपणाचा ह्यात काही संबंध नाही. आणि ते नातेवाइकांनी आणून दिलेले इम्युनिटी वाढवायचे काढे आधी बंद करा, इथे अडचण इम्युनिटीला आवर घालण्याची आहे.

औषध आहे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. अबाटासेप्ट हे मुळात संधिवाताचं इंजेक्शन, त्यात सीटीएलए४ चाच भाग असतो, म्हणजे जे कमी पडतंय तेच बाहेरून मिळतं. फारच गंभीर असेल तर बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा विचार होतो. धाकटा भाऊ लगेच म्हणाला, मी देतो माझा बोनमॅरो. त्याला सांगितलं, आधी तुझी जीन टेस्ट, कारण तेच म्युटेशन तुझ्यातही असेल तर तुझा बोनमॅरो तिला चालणार नाही.