कार्थेजचे सैनिक नेमके दिसायचे कसे?

प्रश्न : माझा मुलगा कॉम्प्युटरवर गेम खेळतो, त्यात कार्थेज या उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन राज्याचं सगळं सैन्य एकाच युनिफॉर्ममध्ये दिसतं. खरंच तसं होतं का? आणि एवढं श्रीमंत राज्य भाडोत्री सैनिक का ठेवायचं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : नाही हो, युनिफॉर्म वगैरे काही नव्हता, आणि मला तर त्या सैन्याची खरी गंमत हीच वाटते. जो ज्या मुलखातला तो तिथलीच हत्यारं घेऊन यायचा. कार्थेजशेजारच्या नुमिदिया मुलखाचे घोडेस्वार खोगीर नाही, लगाम नाही, असेच घोड्यावर बसायचे, हातात छोटी ढाल आणि फेकायचे भाले, जवळ येऊन भाले फेकायचे आणि शत्रू वळेपर्यंत पसार. स्पेनजवळच्या बालेआरिक बेटांवरचे लोक गोफणवाले, प्रत्येकाकडे तीन गोफणी, लांब, मध्यम आणि आखूड, एक डोक्याला गुंडाळलेली, एक कमरेला, एक हातात. स्पेनकडच्यांचे पांढरे अंगरखे जांभळ्या काठाचे. गॉल लोक (आजच्या फ्रान्स-उत्तर इटलीकडचे) तर इ.स.पू. 216 मध्ये इटलीत कॅनीला रोमविरुद्ध उघड्या अंगाने लढले, आणि त्याच लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचे लिबियन, म्हणजे कार्थेजच्या आसपासच्या आफ्रिकी मुलखातले, पायदळवाले रोमन लोकांकडूनच जिंकलेली चिलखतं-ढाली घालून उभे होते, म्हणजे लांबून बघणाऱ्याला रोमनच वाटावेत! आता सांगा, गेममध्ये हे कसं दाखवणार?

भाडोत्री का, तर शहराची स्वतःची माणसं कमी, आणि ती बरीचशी आरमारात. पाच-वल्ही म्हणतात त्या मोठ्या युद्धनौकेला 300 वल्हेकरी लागायचे, वर लढणारे 120 वेगळे.

पण पैशावर आणलेलं सैन्य पैशावरच टिकतं. आपल्या बडोद्यात नाही का, 1802 मध्ये थकलेल्या पगारासाठी अरब शिबंदीने आनंदराव महाराजांना अडवून धरलं, शेवटी इंग्रजांची फौज आणून त्यांना काढावं लागलं. कार्थेजचं तसंच, फक्त फार मोठं झालं. इ.स.पू. 241 मध्ये रोमशी युद्ध हरल्यावर सिसिलीहून आलेल्या सुमारे 20,000 भाडोत्री सैनिकांशी कार्थेजने पगारावरून घासाघीस सुरू केली, ते बिथरले, कराने पिळलेले लिबियन शेतकरी त्यांना मिळाले, आणि तीन वर्षांहून जास्त स्वतःच्याच सैन्याशी लढावं लागलं, तेवढ्यात रोमने सार्डिनिया बेट घशात घातलं.